तोटा कागदावर, पगार रोखीत

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय युरोपातल्या फुटबॉलच्या पैशाच्या नियमांचा आहे, पण सुरुवात पुण्यातल्या बालेवाडीपासून करू. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स आय-लीग या राष्ट्रीय लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगबरोबर आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. पाचेक वर्षांत एका शहरातले तीन व्यावसायिक क्लब गेले. यातल्या एकानेही तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून गुण गमावले नव्हते. आयएसएलमध्ये तर संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादाही होती. ज्यांचा पैसा होता त्यांनी तो घालणं थांबवलं आणि क्लब संपले.

आजचा मुद्दा एवढाच आहे. फुटबॉलच्या पैशाचे नियम म्हणून ज्यांची चर्चा होते, ते बहुतेक हिशेबाच्या वहीतला तोटा मोजतात. क्लब मरतात ते रोकड संपल्यावर. ही दोन टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते फळ्यावर मांडून पाहू. इथे सीएची आर्टिकलशिप करणारी बरीच मुलं दिसतायत. त्यांना गणित सोपं जाईल, राग मात्र जास्त येईल.

समजा एका क्लबने १० कोटी पौंडांना खेळाडू घेतला, करार पाच वर्षांचा. विकणाऱ्या क्लबला पैसे दोन-तीन हप्त्यांत जातात, ते नफा-तोटा पत्रकात त्या रूपात दिसत नाहीत. खेळाडूची नोंदणी ही ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून बसते आणि करार जितक्या वर्षांचा, तितक्या समान भागांत तिची किंमत खर्ची पडते. यंत्रावर घसारा काढतो तसंच, फक्त इथे त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. म्हणजे वर्षाला २ कोटी. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत उरते ४ कोटी. तेव्हा तो ६ कोटींना विकला, तर आपण म्हणू १० ला घेतला, ६ ला विकला, ४ चा फटका. वही म्हणते २ कोटी नफा. आणि हा नफा पाच वर्षांत वाटला जात नाही, सगळाच्या सगळा त्याच वर्षी जमा होतो.

खर्च हप्त्याने आणि नफा एकरकमी. पुढचे सगळे उद्योग या एका ओळीतून निघतात.

पहिला बळी स्वतःच्या अकादमीतला मुलगा. तो विकत घेतलेला नाही, म्हणून त्याची पुस्तकी किंमत शून्य. साडेतीन कोटींना विकला तर साडेतीन कोटी नफा. न्यूकॅसलने ३० जून २०२४ च्या तोंडावर एलियट अँडरसनला सुमारे तेवढ्यालाच नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं. घरचा मुलगा, संघात हवा असलेला. ३० जून का? बहुतेक इंग्लिश क्लबांचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. आपल्याकडे ३१ मार्चला ऑफिसात जी धावपळ असते, तीच तिथे जूनच्या शेवटच्या आठवड्यात असते.

दुसरा उद्योग अदलाबदलीचा. 'अ' क्लब आपला अकादमीतला मुलगा 'ब' ला १ कोटीला विकतो, 'ब' आपला मुलगा 'अ' ला १ कोटीला. बँकेत कुणाचा पैसाही हलला नाही असं समजा. तरी दोघांच्याही वहीत या वर्षी १ कोटी नफा आणि पाच वर्षांचा करार धरला तर वर्षाला २० लाखांचा खर्च. निव्वळ ८० लाखांची सुधारणा, इकडची टोपी तिकडे करून. जून २०२४ मध्ये एव्हर्टनच्या अकादमीतला लुइस डॉबिन ॲस्टन व्हिलाकडे गेला आणि व्हिलाचा टिम इरोएगबुनाम एव्हर्टनकडे आला. दोन्ही स्वतंत्र करार होते आणि बेकायदा त्यात काहीच नव्हतं. दोष द्यायचाच तर नियमाला द्यावा, कारण तो अशा व्यवहाराचं बक्षीस देतो. पण पुढची चार वर्षं ते २० लाख दर वर्षी येत राहतात. ते भरून काढायला पुढच्या जूनमध्ये आणखी एक मुलगा विकावा लागतो.

तिसरा उद्योग करार लांबवण्याचा. आपल्या १० कोटींच्या खेळाडूचे ४ कोटी आणि दोन वर्षं उरली आहेत. त्याच्याशी आणखी तीन वर्षांचा करार केला की तेच ४ कोटी पाच वर्षांवर पसरतात. वर्षाचा बोजा २ कोटींवरून ८० लाखांवर येतो. पगार वाढवून द्यावा लागतो ते वेगळं. धोका हा की त्याचा खेळ ढासळला तरी पुस्तकी किंमत वर राहते आणि त्याहून कमी किमतीत विकला तर तोटा एकदम अंगावर येतो. म्हणून असे खेळाडू विकले जात नाहीत, उसने दिले जातात. चेल्सीने हेच खरेदीच्या वेळीच केलं. मिखाइलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना प्रत्येकी साडेआठ वर्षांचे करार दिले. त्यानंतर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, जुलै २०२३ पासून आणि इंग्लंडच्या सर्वात वरच्या विभागाने, प्रीमियर लीगने, त्याच डिसेंबरपासून नव्या करारांसाठी पाच वर्षांची मर्यादा घातली. करार दहा वर्षांचा करा हवा तर, खर्च पाचातच वाटायचा.

आता प्रीमियर लीगचा तोट्याचा नियम. २०१३ मध्ये आलेल्या या नियमानुसार तीन हंगामांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो, तोही मालकाने भांडवल घालून भरला तर. नाहीतर मर्यादा १ कोटी ५० लाख. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि स्टेडियमसारख्या बांधकामावरचा घसारा आधी वजा करतात. क्लब खालच्या विभागात असेल त्या हंगामाला साडेतीन कोटींऐवजी १ कोटी ३० लाख धरतात.

एव्हर्टनचा तोटा निघाला १२ कोटी ४५ लाख, मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख जास्त. वादाचा एक मोठा भाग होता कर्जाच्या व्याजाचा: ते नव्या स्टेडियमच्या खर्चात धरून बाजूला काढता येईल का? आयोगाने नाही म्हटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ झाले आणि पुढच्या कालखंडासाठी एप्रिलमध्ये आणखी २ गेले. प्रेक्षकाला आपला संघ गुणतक्त्यात नेमका कुठे आहे, हे वकिलांना विचारावं लागत होतं.

फॉरेस्टची गोष्ट आणखी बोलकी आहे. दोन हंगाम खालच्या विभागात, एक वर. १.३ अधिक १.३ अधिक ३.५, म्हणजे मर्यादा ६ कोटी १० लाख. तोटा ९ कोटी ५५ लाख. त्यांनी आपला खेळाडू ब्रेनन जॉन्सन याला टॉटनहॅमला सुमारे ४ कोटी ७५ लाखांना विकलं, पण १ सप्टेंबर २०२३ ला. वर्ष संपून दोन महिने झाले होते. जूनमध्ये विकला असता तर कमी पैसे आले असते, थांबलो म्हणून जास्त मिळाले, असा त्यांचा युक्तिवाद. दुकानदार म्हणून तो चोख आहे. आयोगाचं म्हणणं, मुदत म्हणजे मुदत. सहा गुणांची शिक्षा ठरली, कबुली आणि सहकार्याबद्दल दोन सोडले, चार गेले. नियमाने इथे शहाण्या विक्रीला शिक्षा केली आणि मघाच्या अदलाबदलीला सोडून दिलं.

लेस्टरवरही तोट्याचाच आरोप होता, त्यांचं तर तारखेवरच भागलं. त्यांचं आर्थिक वर्ष ३० जून २०२३ ला संपलं, पण खाली घसरल्यामुळे प्रीमियर लीगचं सदस्यत्व त्याआधीच, जूनमध्येच, सुटलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने सांगितलं, वर्ष संपलं तेव्हा हा क्लब तुमचा नव्हता, अधिकार पोचत नाही.

हॉटेलांबद्दल विचारलंय कुणीतरी. हो, चेल्सीने आपली दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली आणि पुढे महिला संघही मूळ कंपनीकडे विकला. प्रीमियर लीगच्या हिशेबात हा नफा चालला. युएफा असा घरातल्या घरातला नफा धरत नाही. जुलै २०२५ मध्ये युएफाने चेल्सीला बिनशर्त ३ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. एकच क्लब, एकच वर्ष, दोन पंच.

युएफाने २०२२ मध्ये आपले नियम बदलले आणि त्यात एक शहाणपणाची गोष्ट केली. तोट्याच्या मर्यादेबरोबर प्रमाणही मोजायचं. वर खेळाडू आणि प्रशिक्षक यांचे पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंटांची फी. खाली क्लबचं उत्पन्न अधिक खेळाडूंच्या विक्रीतला निव्वळ नफा. हे प्रमाण २०२३ साठी ९० टक्के, २०२४ साठी ८०, २०२५ पासून ७०. हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाचा, म्हणजे ३० जूनच्या धावपळीची धार गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विक्रीचा नफा ३६ महिन्यांचा घेऊन १२ महिन्यांवर आणतात. जूनमध्ये घाईने विकलेल्या मुलाचा एक तृतीयांशच उपयोग होतो. प्रीमियर लीगही २०२६-२७ पासून प्रमाणाच्याच पद्धतीवर जाते आहे, तिथे मर्यादा ८५ टक्के. जे क्लब युरोपात खेळतील त्यांना ७० सांभाळावेच लागतील, म्हणून ८५ ची सवलत खरी मधल्या आणि खालच्या क्लबांना.

प्रमाणाचा तोटा उघड आहे. १०० रुपये कमावणारा ७० खर्च करतो, १००० वाला ७००. अंतर कायम. उत्पन्नच फुगवायचं असेल तर मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडून जाहिरातीचा चढा करार घ्यायचा. त्यासाठी मग 'बाजारभाव' ठरवणारे नियम आले, त्या नियमांवर खटले आले. वकिलांची सोय झाली.

स्पेनची पद्धत मला जास्त पटते, ती कठोर असूनही. इंग्लंडमध्ये शिक्षा म्हणजे वरातीमागून घोडं: पैसे खर्च झाले, सामने जिंकले, दोन वर्षांनी गुण कापले. तिथली लीग, ला लीगा, २०१३ पासून हंगामाआधीच प्रत्येक क्लबला संघखर्चाची मर्यादा ठरवून देते. त्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. करार करा, फोटो काढा, जर्सी विका, मैदानात उतरता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी आणि बार्सिलोना दोघांची तयारी असूनही याच मर्यादेमुळे करार नोंदवता आला नाही आणि तो पॅरिसला गेला. पुढच्या वर्षी बार्सिलोनाने ला लीगाच्या टीव्ही हक्कांतला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकून जागा केली. मर्यादा पाळली गेली, पण पुढच्या पिढीच्या उत्पन्नातून. म्हणून हाही नियम निर्दोष म्हणवत नाही.

आता ज्याची बातमी होत नाही तो नियम. युएफा १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि १५ जानेवारी या तारखांना पाहते: इतर क्लबांचे हप्ते, खेळाडू-कर्मचाऱ्यांचे पगार, कर, यांपैकी काही थकलंय का? इथे अमॉर्टायझेशन नाही, बाजारभाव नाही. पैसे पोचले की नाही, बँकेचं विवरण दाखवा. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये प्रीमियर लीगखालच्या इंग्लिश लीगमधून काढला गेला, तो देणी भागवायला पैसा आहे हे दाखवू न शकल्यामुळे. तोट्याच्या तीन वर्षांच्या बेरजेने त्याचं काही भलं झालं नसतं.

भारतात क्लब परवान्याचे निकष आशियाई महासंघाच्या चौकटीतून येतात: क्रीडा, सुविधा, मनुष्यबळ, कायदा, अर्थ असे पाच. आर्थिक निकषात थकबाकी हाच कळीचा मुद्दा. कागद वर्षातून एकदा तपासले जातात आणि पगार दर महिन्याला थकू शकतो, ही त्यातली फट.

इथे पुण्याच्या लीगमधून वर जाऊ पाहणारे खेळाडू बसलेत, त्यांच्यासाठी नेमकं सांगतो. जागतिक फुटबॉल महासंघ फिफाच्या नियमांत दोन कलमं आहेत. कलम १२ बिस: देणं ३० दिवसांहून जास्त थकलं असेल, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १० दिवसांची मुदत द्यायची, मग तक्रार. कलम १४ बिस: किमान दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखेला दिले नसतील, तर लेखी नोटीस आणि किमान १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर खेळाडू योग्य कारणाने करार मोडू शकतो. निकाल लागूनही क्लबने ४५ दिवसांत भरलं नाही तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी, भरेपर्यंत, जास्तीत जास्त सलग तीन ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू नोंदवायचे ठरलेले काळ. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद मात्र फिफाकडे जात नाही, तो आधी आपल्या महासंघाच्या समितीसमोर जातो.

यात चुका ठरलेल्या होतात. नोटीस व्हॉट्सॲपवर, मॅनेजरला, "सर, पेमेंटचं बघा ना" अशा भाषेत. ती ईमेलने क्लबच्या अधिकृत पत्त्यावर जायला हवी, त्यात महिन्यागणिक रक्कम आणि देय तारीख हवी, मुदत कधी संपते ती तारीख हवी. दुसरी चूक, १५ दिवस पुरे व्हायच्या आधी रागाने सराव सोडणं. तसं केलं की करार खेळाडूने मोडला असं क्लब म्हणू शकतो. तिसरी, सहीचा करार एक आणि 'बाकीचं नंतर देऊ' हे तोंडी. तोंडी भागाचा पुरावा नाही, त्यामुळे तो थकबाकीत धरला जात नाही. कराराची सही-शिक्क्याची प्रत आणि दर महिन्याचं बँक विवरण एका फाइलीत ठेवा. पहिला पगार वेळेवर आला तरी ठेवा.