मागच्या बाकावरचा संशोधक

(दृश्य : नवी मुंबईतलं तुर्भे. दुसरीचा वर्ग. बाई संख्या सांगताहेत, मुलं वहीत लिहिताहेत.)

बाई म्हणतात, "पंचवीस." चार-दोन वह्यांत ५२ उमटतं. लाल पेनाने फुली मारून पुढे जाता येतं, रोज जावंही लागतं, कारण वर्गात इतर मुलंही आहेत आणि तास संपत आलाय. पण त्या ५२ मागे मुलाचा विचार आहे. कानावर आधी 'पंच' पडलं, मग 'वीस'. जे ऐकलं, त्याच क्रमाने हात चालला.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या, विरोधकांना मराठीची काळजी वाटत होती. विषय विधानसभेपर्यंत गेला. तिथे सगळे बोलले, पण ५२ लिहिणाऱ्या मुलाशेजारी बसून "तू हे कसं लिहिलंस, सांग बरं" असं विचारायला वेळ कुणाकडे होता?

नवी मुंबईत तर हा प्रश्न आणखी रंगतदार होतो. इथल्या वर्गात घरी आगरी बोलणारं मूल असतं, हिंदी बोलणारं असतं, कानडी बोलणारंही असतं. कानडीत २५ ला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे वीस आधी, पाच मागून. मग हे मूल मराठी शाळेत आल्यावर कमी अडखळतं की जास्त? किती महिने? कशामुळे सावरतं? याचं उत्तर एका चाचणीत मिळत नाही. जूनपासून एप्रिलपर्यंत वर्गात बसावं लागतं, आणि बसणाऱ्याचं पोट भरावं लागतं. संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती असते ती यासाठी.

(दृश्य : वाशीचा खाडीपूल. पलीकडे मानखुर्द.)

पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. विज्ञान आणि गणित मुलं कशी शिकतात, यावर इथे पीएचडी करता येते, आणि संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती मिळते. केवळ बीएड-एमएड झालेलेच नव्हे, तर विज्ञान, अभियांत्रिकी, मानसशास्त्र अशा वाटांनीही विद्यार्थी इथे येतात. धारावीतली मुलं घरच्या आणि आजूबाजूच्या कामधंद्यातून मोजमाप, हिशोब कसा शिकतात, याचा सविस्तर अभ्यास या केंद्रातून झाला आहे.

अशा अभ्यासांच्या मागे एक जुना, गाजलेला अभ्यास आहे. ब्राझीलमधलं रेसिफे शहर, १९८५ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन. मुलं किती? पाच. रस्त्यावर फळं-भाज्या विकणारी. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले, "दहा नारळ कितीला?" असं विचारत राहिले. गाड्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर दिली, तर जेमतेम ३७ टक्के. तुर्भ्याच्या घाऊक बाजाराच्या आसपास वाढणारी मुलं पाहिली की हे आकडे डोक्यातून जात नाहीत. शाळेत 'कच्चा' ठरलेला मुलगा बाजारात सुट्टे पैसे चुटकीसरशी परत करत असेल, तर नेमकं कच्चं कोण आहे, हे कुणीतरी शोधायलाच हवं.

ठाणे जिल्ह्याला या कामाची परंपराही आहे. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहेत, तेव्हा ठाण्यात होते. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी आदिवासी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं. मुलं गुरांमागे जातात, हे दिसल्यावर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या.

(दृश्य : ठाणे स्थानक, सकाळची गर्दी. एका तरुणीच्या हातात नेटचं पुस्तक.)

आता पैशांचं बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि ज्या घरातून आजवर कुणी पीएचडीला गेलं नाही, तिथल्या मुलामुलींसाठी त्या मोलाच्या आहेत. मात्र पैसे वेळेवर हाती पडायला हवेत. ते रखडले म्हणून राज्यातल्या संशोधकांना आंदोलनाला बसावं लागलं आहे. हप्ता थांबला की वर्गातलं बसणं थांबतं. मग प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची आणि प्रबंध बांधायचा, हीच वाट उरते. त्या प्रबंधात मूल कुठेच भेटत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. जेआरएफसाठी साधारण वयोमर्यादा ३० वर्षांची आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. म्हणजे ज्या बाईंनी पंधरा वर्षं पहिली-दुसरी शिकवली, ज्यांनी शेकडो वह्यांत ते ५२ पाहिलं, त्या या दारातून आत जाऊच शकत नाहीत. प्रश्न त्यांच्याकडे आहे, तो तपासायची शिस्त विद्यापीठाकडे आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शाळांत असे अनुभवी शिक्षक आहेत. दरवर्षी त्यांच्यातल्या दोघा-तिघांना पूर्ण पगारी अभ्यासरजा द्यावी, त्यांच्या वर्गावर बदली शिक्षक नेमावा आणि खाडीपलीकडच्या केंद्राशी किंवा मुंबई विद्यापीठाशी त्यांना जोडून द्यावं. विषय त्यांनीच निवडावा, त्यांच्या वर्गातला.