दहा येनांची माफी

नमस्कार श्रोतेहो.

2016 सालच्या एप्रिलमध्ये जपानच्या टीव्हीवर एक जाहिरात झळकली. कारखान्याच्या आवारात कंपनीचे बडे अधिकारी आणि कर्मचारी गंभीर चेहऱ्यानं रांगेत उभे आहेत आणि सगळे मिळून कमरेत वाकतात. माफी कशाची? तर 'गारिगारी-कुन' नावाची बर्फाची कांडी 60 येनांची 70 येन झाली होती. 25 वर्षांत पहिल्यांदाच!

ऐकून हेवा वाटतो ना? पण भाव जागचे हलले नाहीत, तसे पगारही हलले नाहीत.

जपानच्या या साचलेपणाची सुरुवात झाली ती उधळपट्टीतून. डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच बड्या देशांनी 1985 मध्ये प्लाझा करार केला आणि येन भलताच महागला. निर्यातदार धास्तावले, म्हणून बँक ऑफ जपाननं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेनं, 1987 मध्ये व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. तो स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये शिरला. टोकियोतल्या राजवाड्याच्या जमिनीच्या मोलात अख्खं कॅलिफोर्निया येईल, असं लोक बोलू लागले. 29 डिसेंबर 1989 ला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915 वर पोचला. मग व्याजदर चढत चढत 6 टक्क्यांवर गेला आणि फुगा फुटला. आधी शेअर कोसळले, मागोमाग जमीन.

खरी गोम पुढेच आहे. बँकांनी कर्जं दिली होती जमीन तारण ठेवून. तारणच मातीमोल झालं, तर कर्ज बुडालं म्हणायला हवं. ते कोण म्हणणार? जुन्या कर्जाचं व्याज भरता यावं म्हणून बँका त्याच कंपनीला नवं कर्ज देत राहिल्या. मेलेल्याला सलाईन! धडधाकट कंपन्यांनी वेगळाच धसका घेतला. व्याज शून्याजवळ आलं तरी त्या नवं कर्ज घेईनात, जुनंच फेडत बसल्या. सगळ्यांनीच हात आखडल्यावर माल घ्यायचा कोणी?

नोव्हेंबर 1997 मध्ये यामाइची ही शंभर वर्षांची शेअर दलाल कंपनी बुडाली. लपवलेला तोटा बाहेर आला होता. पत्रकारांसमोर तिचे अध्यक्ष ढसाढसा रडले. दोष आमचा आहे, कर्मचाऱ्यांचा नाही, असं ते सांगत होते. ते त्या खुर्चीवर बसून जेमतेम काही महिने झाले होते.

एवढं होऊनही बेकारी साडेपाच टक्क्यांच्या आसपासच थांबली. मग झळ बसली कोणाला? नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना. तिथल्या मोठ्या कंपन्या कॉलेज संपता संपताच भरती करतात. ती वेळ हुकली की मागचं दार नाही. आत असलेल्यांच्या नोकऱ्या वाचल्या आणि बाहेरची पोरं कंत्राटी कामावर राहिली. त्या काळाला जपानी लोक नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. या पिढीसाठी सरकारनं खास योजना आणली 2019 मध्ये, म्हणजे मुलं चाळिशीत पोचल्यावर.

जाता जाता, आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपाननं 0.1 टक्का व्याजानं, 50 वर्षांच्या मुदतीचं कर्ज देऊ केलं. मैत्री आहेच, पण तेव्हा खुद्द जपानमध्ये व्याजदर शून्याजवळ होता आणि 2016 मध्ये तर तो शून्याच्याही खाली गेला, हेही ध्यानात घ्या.

22 फेब्रुवारी 2024 ला निक्केईनं 1989 चा उच्चांक अखेर ओलांडला. पाठोपाठ मार्चमध्ये उणे व्याजदर संपला. 2000 साली बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन दारोदार फिरलेला मुलगा तोवर 46 वर्षांचा झाला होता.

नमस्कार.