गावाकडे जाणारा पैसा आणि गावाचा शब्द

मित्रहो, वाशीच्या या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे घर कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या माथाडी वसाहतीत आहे आणि गाव पाटण, जावळी किंवा कोकणात. म्हणून परदेशस्थ समाज आणि मायदेशाचा विकास या विषयाची सुरुवात मी येथूनच करतो. गिरणगावातल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातली कितीतरी घरे चालली आणि त्याच चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून गावात सभामंडप, विहिरी आणि शाळेच्या खोल्या उभ्या केल्या. देशाची सीमा ओलांडली तरी या व्यवहाराचे स्वरूप फारसे बदलत नाही.

बदलते ते प्रमाण. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले, म्हणजे जगात सर्वाधिक. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अशा पैशातला सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आल्याचे दिसते. यातला मोठा भाग घरखर्च, औषधपाणी आणि मुलांच्या शिक्षणावर जातो. त्याला अनुत्पादक खर्च म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही, कारण शिकलेले मूल आणि वेळेवर उपचार मिळालेली आई यांच्याहून मोठी गुंतवणूक गावाला ठाऊक नाही. राष्ट्रावर ताण आला तेव्हाही हा समाज उभा राहिला: १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध लादले गेले असताना स्टेट बँकेच्या रिसर्जंट इंडिया बाँडमधून अनिवासी भारतीयांकडून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

घराबाहेरच्या, सामायिक कामाचा प्रश्न मात्र अवघड आहे. मेक्सिकोच्या साकातेकास राज्यातून अमेरिकेत गेलेल्यांनी आपल्या ग्रामस्थ मंडळांसारखीच मंडळे काढली. पुढे २००२ पासून देशभर लागू झालेल्या ‘एकास तीन’ योजनेत मंडळाच्या प्रत्येक पेसोमागे केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांनी प्रत्येकी एक पेसो घालायचा, असे ठरले. त्यातून रस्ते, पाणी, वीज आली. परंतु पैसा ओघाने गेला तो जिथले स्थलांतरित संघटित होते तिकडे. ज्या अतिगरीब वस्त्यांमधून परदेशी जाण्याइतकीही ऐपत कुणाची नव्हती, त्या मागेच राहिल्या.

दुसरी अडचण मी स्वतः पाहिली आहे. एका गावात मंडळाने वेशीवर देखणी कमान बांधली, त्याच वर्षी नळपाणी योजनेच्या पंपाचे वीजबिल थकले आणि बायका पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या. देणाऱ्यांचा भाव खरा होता, यात मला शंका नाही. पण निर्णय मुंबईतल्या खोलीत झाला होता आणि त्या बैठकीत एकही स्त्री नव्हती. ज्या बाईने वर्षानुवर्षे मनीऑर्डर घेऊन अंगठा दिला, घर चालवले, शेत राखले, तिला ओढा किती दूर आहे हे ठाऊक होते. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेल्या मंडळालाही तिला विचारल्यावाचून हे कळणार नाही.

म्हणून आपल्यातल्या मंडळांपुढे मी एक सूचना ठेवतो. वर्गणी ठरण्याआधी गावच्या महिला ग्रामसभेचा ठराव मागवावा, आणि नव्या बांधकामाच्या रकमेतच त्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा, वीजबिलाचा आणि पंप चालवणाऱ्याच्या मानधनाचा खर्च धरावा.