कूलर बॉक्समधून फिरणारं पाणी

हा पांढरा चौकोन, म्हणजे पेल्तिए पट्टी, नीट पाहा. बाजू चार सेंटिमीटर, जाडी जेमतेम चार मिलिमीटर. आत कॉम्प्रेसर नाही, वायू नाही, फिरणारा एकही भाग नाही. दोन वायरींना १२ व्होल्ट दिले की काही सेकंदांत एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांवर विजेचा हा परिणाम १८३४ साली झाँ पेल्तिए या फ्रेंच संशोधकाला दिसला. पुढे १८३८ मध्ये एमिल लेन्झ या भौतिकशास्त्रज्ञानं अशाच सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून तोच बर्फ वितळवला. आजच्या पट्टीत धातूंच्या जागी बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक असतो.

गाडीत ठेवायच्या थर्मोइलेक्ट्रिक कूलर बॉक्सच्या झाकणात किंवा भिंतीत हीच पट्टी बसवलेली असते. मग कुणालाही सुचेल असा विचार येतो: कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचं, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारं, पाणी या बॉक्समधून फिरवलं तर?

कल्पना सुंदर आहे. पण आधी वॅट मोजू या.

असा बॉक्स साधारण ५० वॅट वीज घेतो आणि आतली गारवा धरलेली हवा आणखी गार करताना २० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. भरात असलेला प्रोसेसर एकटाच १०० वॅट सहज टाकतो; ग्राफिक्स कार्ड त्याच्या दुप्पट-तिप्पट. बॉक्सचं काम मुळात गार ठेवलेल्या बाटल्या गार राखण्याचं. सतत पेटलेली शेगडी विझवायला त्याला कुणी बनवलेलं नाही.

म्हणून रेडिएटर (पाण्याची उष्णता खोलीत सोडणारी जाळी) तसाच ठेवून बॉक्स जोडीला द्यावा, असं वाटतं. समजा, खोलीपेक्षा पाणी जितके अंश गरम, तितक्या दर अंशाला रेडिएटर १० वॅट बाहेर टाकतो. प्रोसेसरचे १०० वॅट टाकायला पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम राहील. आता बॉक्स जोडा. पाणी कोमट असल्यामुळे पट्टीच्या दोन बाजूंतला तापमानाचा फरक कमी, म्हणून तिला उदारपणे ३० वॅट देऊ. उरले ७०. पाणी खोलीपेक्षा ७ अंश गरम. म्हणजे ५० वॅट जास्तीची वीज जाळून हाती आले तीन अंश! शिवाय ती वीज आणि ओढलेली उष्णता, दोन्ही मिळून ८० वॅट बॉक्सच्या पंख्यानं त्याच खोलीत सोडले. तेच तीन अंश थोडा मोठा रेडिएटर आणि दोन-चार वॅटचा पंखा देऊन जातो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल, तर १०० वॅटमुळे प्रोसेसरच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. सगळं पाणी जवळपास एकाच तापमानाचं. त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार झालं, की रेडिएटर उलटा चालतो आणि खोलीची उष्णता पाण्यात भरतो. पाणी खोलीपेक्षा गरम झालं, की बॉक्सचा जाड फोम ती उष्णता बाहेर पडू देत नाही. दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात.

मला या बॉक्सचा खरा उपयोग वेगळाच वाटतो: गारवा साठवण्याचा. पाच लिटर पाणी आधीच १५ अंशांनी गार करून ठेवलं, रेडिएटर बाजूला काढला आणि मग प्रोसेसर पळवला, तर ते पाणी खोलीच्या तापमानाला यायला साधारण तासभर लागतो. छोट्या चाचणीला तेवढा वेळ पुरतो. मात्र ते पाणी गार करायला बॉक्सला चार तासांहून जास्त वेळ हवा.

आणि इथे हवेतली वाफ आडवी येते. खोली ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २१ अंशांच्या थोडा वर असतो. त्याहून गार पाणी नळीतून गेलं की नळीवर, प्रोसेसरवरच्या ब्लॉकवर दव धरतं. थेंब मदरबोर्डवर उतरला तर चालू कॉम्प्युटर शॉर्ट होतो. म्हणजे १५ अंशांपैकी वापरता येतात साधारण आठच, आणि तासाचा अर्धा तास होतो. इंटेलनं २०२० साली पेल्तिए पट्टीचं क्रायो कूलिंग आणलं, तेव्हा दव टाळण्यासाठी त्यात आर्द्रतेवर नजर ठेवणारी व्यवस्था होती. २०२३ मध्ये ते बंद झालं.

करून पाहायचंच असेल, तर आर्द्रतामापक शेजारी ठेवा आणि पाणी दवबिंदूच्या दोन-तीन अंश वरच थांबवा. बॉक्समध्ये थेट पाणी ओतू नका. आतला पंखा भिजेल. पाण्याचं बंद भांडं आत ठेवा. आणि पाणी खोलीइतकं गरम झालं, की बॉक्स काढून रेडिएटर जोडा, कारण तिथून पुढे फोम प्रोसेसरचीच उष्णता जपायला लागतो.