दिवाणजी, उचंत खातं आणि राजकारण

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील शाहूपुरीत एका गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, गुळाच्या व्यापारासाठीच. पुढं बाजार मार्केट यार्डात गेला, पण वडिलांच्या सदऱ्याला येणारा गुळाचा वास काही गेला नाही. दिवाणजी म्हणजे पेढीचा जमाखर्च लिहिणारा माणूस. गादीवर मांडी घालून, बैठ्या डेस्कासमोर, लाल कापडी बांधणीच्या वहीत ते रोजकीर्द लिहायचे. संध्याकाळी रोकड मोजून शिल्लक जुळली की डेस्काचं झाकण पडायचं. दोन रुपयांचा फरक राहिला तर आमची जेवणं थांबायची.

सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, निघायची. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती, वजन किती, दर काय. त्यातून अडत, म्हणजे पेढीची दलाली, वजा, हमाली वजा, तोलाई वजा, मागं घेतलेली उचल वजा, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. शेतकऱ्याची नजर थेट तळाला जायची. वडील त्याला थांबवायचे. "पाव्हणं, खालनं वाचू नका. वरनं वाचा."

आज मला बोलायचंय ते अशा हिशेबाच्या वहीतून राज्यकारभारात गेलेल्या माणसांबद्दल. आपल्याकडं वकील पुढारी होतो, मास्तर होतो, पैलवानही होतो. हिशेबनीस पुढारी झाला म्हटलं की मात्र लोक जरा हसतात. पण कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या गल्लीतून दारावरच्या पाट्या वाचत जा. मुजुमदार, फडणीस, पोतनीस, देशपांडे, कुलकर्णी. ही आडनावं म्हणजे एकेकाळची हिशेबाची पदं. मुजुमदार जमाखर्च तपासणारा, पोतनीस खजिन्याचा, देशपांडे परगण्याचा, कुलकर्णी गावचा. फडणीस या शब्दाची एक व्युत्पत्ती फर्द-नवीस अशी सांगतात, म्हणजे हिशेबाचा कागद लिहिणारा. राज्य तलवारीनं मिळत असेल, पण ते टिकवायला किती लेखण्या लागत होत्या ते या पाट्यांवर दिसतं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. गगनबावड्याचे पंत अमात्य. रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांच्या पदरी मुजुमदार होते. १६७४ च्या राज्याभिषेकात या पदाला अमात्य हे संस्कृत नाव मिळालं आणि ते रामचंद्रपंतांकडं आलं. काम तेच, राज्याची जमा आणि खर्च बघणं. पुढं राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा हुकूमतपनाह, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार बघणारा, म्हणून महाराष्ट्रातला सगळा कारभार या हिशेबी माणसाच्या गळ्यात पडला. समोर औरंगजेब, खजिन्यात खडखडाट. फौज उभी करायची तर सरदारांना वतनाची आमिषं दाखवणं भाग पडलं. म्हातारपणी त्यांनी आज्ञापत्र हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात वतनं आणि इनामं वाटण्याबद्दल फार कडक सूर आहे. मला त्यात जमाखर्च लिहिणारा माणूस बोलताना ऐकू येतो. रोख बक्षीस एकदा खर्ची पडतं आणि संपतं. इनाम दिलेली जमीन दर वर्षी जमेच्या बाजूनं वजा होत राहते, नातवापणतवापर्यंत. हे लढाईत कळत नाही, खतावणीत कळतं.

नाना फडणवीस तर सगळ्यांना ठाऊक. पण आपण त्यांना मुत्सद्दी म्हणतो आणि त्यांच्या नावातच बसलेला धंदा विसरतो. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२ चा. विशी गाठायच्या आत फडणिशी त्यांच्याकडं आली, आणि १७६१ मध्ये पानिपतावरून जीव वाचवून परतले तेही फडणीसच. पेशव्यांच्या पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोन विभाग होते. चालतं दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. एकबेरीज या शब्दावर मी बेहद्द खूश आहे. प्रांतोप्रांतीचे हिशेब तिथं यायचे आणि त्यांची एक बेरीज व्हायची. जमा किती, खर्च किती, बाकी किती, वर्षवार. कोणाचा मामला, म्हणजे वसुलीचा मुलूख, कुठं गळतो हे ज्याला त्या एका बेरजेवरून दिसत होतं, त्याला बातमीसाठी हेरांवरच विसंबायचं कारण नव्हतं. हेरही होते म्हणा नानांचे, आणि चांगले होते.

आता एक अवघड गोष्ट. वही हातात असली की सत्ता हातात येते, हे वहीवाल्याला कळतं तसं वही नसलेल्यालाही कळतं. गावच्या कुलकर्ण्याकडं वंशपरंपरेनं दप्तर असायचं. कोणाकडं किती सारा थकला, कोणाचा किती भरला, कोणती जमीन कोणाच्या नावावर, सगळं त्या दप्तराच्या रुमालात बांधलेलं. शेतकऱ्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं वरनं वाचायचं म्हटलं तरी काय वाचणार? शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले, त्यात बहुजन समाजातली मुलं घेतली. तेव्हा केवढं वादळ उठलं! महाराजांच्या वसतिगृहांबद्दल आपण नेहमी बोलतो, बोलावंच. पण माझ्यासारख्या दिवाणज्याच्या मुलाला विचाराल तर त्यांनी गावाची वही एका घराच्या फडताळातून बाहेर काढली, हे काम मला तेवढंच मोठं वाटतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉक्टर आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. बाबासाहेबांनी पोटासाठी काय काय केलं त्यात हिशेबाचंही काम आहे. मुंबईत त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय उघडला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं यायची थांबली. पुढं ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत काही वर्षं व्यापारी कायदा शिकवत होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. घटना लिहिणारा हात त्याआधी आकड्यांत चांगला मुरलेला होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना हिशेबनीस म्हणता येणार नाही, ते प्राध्यापक. पण त्यांना सोडून मला पुढं जाववत नाही, कारण त्यांचं शिक्षण कागलात आणि कोल्हापुरात झालं. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं शिक्षण सोडून कागलात पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो गोपाळला पाठवायचा. आठ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकी कोणी शिकवावी लागत नाही. पुढं त्यांनी अंकगणिताचं क्रमिक पुस्तकही तयार केलं.

१९०२ मध्ये हे गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. सरकार खुशीत होतं. तिजोरीत शिल्लक, म्हणजे देश सुखी, असा सरकारचा सूर. गोखल्यांनी पट्टी वरनं वाचायला घेतली. सरकारनं १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या, म्हणजे चांदी नेऊन रुपये पाडून घेणं थांबलं होतं. त्यामुळं तेरा पेन्सांपर्यंत घसरलेला रुपया सोळा पेन्सांवर चढला. सरकारला विलायतेत दर वर्षी पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे, ती आता कमी रुपयांत भागू लागली. मिठावरचा कर मात्र रुपया पडलेला असताना वाढवला होता तसाच्या तसा. मग शिल्लक उरणारच की! लोक दुष्काळानं मरत होते आणि तिजोरी भरत होती, आणि दोन्हीचं कारण एकाच कागदावर होतं. मिठाचा कर पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. नंतरही तो उतरत गेला. त्या भाषणात घोषणा नाहीत. माझ्या वडिलांना ते आवडलं असतं.

गांधीजींची एक गंमत सांगतो. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत ज्या दाव्यासाठी गेले तो चाळीस हजार पौंडांचा दावा सगळा खातेवह्यांवर उभा होता. आपल्या बॅरिस्टरसाहेबांना जमा-नावे कळेना. 'पी. नोट' म्हणजे काय तेही ठाऊक नाही, शब्दकोशात सापडेना. शेवटी पेढीच्या गुमास्त्यानं सांगितलं, प्रॉमिसरी नोट. मग त्यांनी बुककीपिंगचं पुस्तक विकत आणलं आणि बसून शिकले. वर्गणीच्या पै-पैची पावती मागणारा माणूस असा घडला.

आजच्या काळात सी. ए. झालेले पुढारी बरेच आहेत. राजापूरचे खासदार राहिलेले सुरेश प्रभू सी. ए. त्यांच्या हातून २०१७ मध्ये रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प मांडायची १९२४ पासूनची प्रथा बंद पडली. त्यांच्यामागून रेल्वे खात्यात आले पीयूष गोयल, तेही सी. ए. त्यांनीच २०१९ चा अंतरिम अर्थसंकल्प मांडला. रामेश्वर ठाकूर सनदी लेखापालांच्या संस्थेचे अध्यक्ष होते, पुढं केंद्रात मंत्री आणि मग राज्यपाल झाले. कोणाचा कारभार कसा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

वही लिहिता येते म्हणून माणूस चोख, असं मात्र समजू नका. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा त्याआधी टपाल खात्यात होते, आणि तिथल्या पैशांच्या अपहाराबद्दल त्यांना तुरुंगवास झाला होता. बेल्जियमची राजवट, न्यायही तिचाच, हे ध्यानात घेतलं तरी वहीवर डाग आहेच. लपवायचं कुठं हे लिहिणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं.

पेढीवर एक खातं असतं, उचंत. आलेल्या किंवा गेलेल्या पैशाचं नाव-गाव लागत नाही तोवर तो तिथं टाकायचा. आमचे मालक एकदा निवडणुकीला उभे राहिले. निवडून आले. प्रचारात जीपगाड्या, चहा, मांडव, सगळ्याला गल्ल्यातलाच पैसा गेलेला. दिवाळीच्या तोंडावर मालक वडिलांना म्हणाले, "दिवाणजी, हे दुकानखर्चात घाला." वडिलांनी मान हलवली आणि रक्कम उचंतला लिहिली.

पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाली, की वडील मागल्या वर्षीच्या बाक्या मोठ्यानं वाचून पुढं ओढायचे. बसायला अडते, हमाल, दोन-चार शेतकरी. वडिलांनी पहिलंच वाचलं, "उचंत," आणि रक्कम. मालक विड्याचं पान चघळत राहिले. दुसऱ्या पाडव्याला पुन्हा तेच. तोवर मालक नगरसेवक म्हणून चांगलेच गाजत होते. हमाल एकमेकांना कोपरखळ्या मारायचे.

तिसऱ्या पाडव्याला वडिलांनी वही उघडायच्या आधीच मालकांनी कोटाच्या खिशातून पुडकं काढून डेस्कावर ठेवलं. घरनं आणलं होतं. वडिलांनी नोटा मोजल्या, परत एकदा मोजल्या, जमेला लिहिलं, पावती फाडून मालकांच्या हातात दिली, आणि मग म्हणाले, "चला, आता नारळ फोडा."