ऑर्डर हौद्यापासून: नवा अवजड ट्रक घेताना

(दृश्य: नागपूरजवळची वाडी, अमरावती रोड. पहाट. ओळीने उभ्या गाड्या, एका टिप्परच्या हौद्यावर, म्हणजे माल भरायच्या पेटीवर, टेप धरलेले हात.)

नव्या गाडीचं कोटेशन हातात आलं की नजर आधी किमतीवर जाते, मग हॉर्सपॉवरवर. सीट, म्युझिक सिस्टम, बंपर हे सगळं नंतरही बदलता येतं. हौदा, क्राऊनचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि अॅक्सल नंतर बदलायचे म्हणजे मोठा भुर्दंड, वर आरटीओचे हेलपाटे. वेळ द्यायचा तो याच चार गोष्टींना.

नागपूरभोवती माल तरी किती तऱ्हेचा. उमरेडचा कोळसा, मनसर-गुमगावचं मँगनीज, कन्हानची वाळू, काटोलची संत्री. शोरूममध्ये नुसतं ‘दहा चाकी टिप्पर’ सांगितलं, तर जो हौदा तयार असेल तोच गळ्यात पडतो.

हिशेब इथेच करून पाहू. दहा चाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं मंजूर वजन, 28 टन. हौद्यासकट रिकामी गाडी 11.5 टन धरली, तर माल बसतो 16.5 टन. कोरडी वाळू घनमीटरला साधारण 1.6 टन भरते, म्हणजे 10 घनमीटरच्या थोडं वर गेलं की पासिंग संपलं. कोळसा घनमीटरला 0.85 टनाच्या आसपास, म्हणून तेवढ्याच वजनाला 19 घनमीटर जागा हवी. गाडी एकच, पण हौदा जवळपास दुप्पट. मँगनीजचा दगड तर वाळूहूनही जड, त्याला हौदा आणखी लहान आणि तळाचा पत्रा जाड हवा.

(दृश्य: वजनकाटा. पडद्यावर आकडा स्थिरावतो.)

आता 16 घनमीटरच्या हौद्यात काठोकाठ वाळू भरा. 25.6 टन होते, पासिंगात बसणाऱ्या 16.5 टनांपेक्षा 9 टन जास्त. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड आहे 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. म्हणजे एका खेपेला 38,000, शिवाय जादा माल स्वतःच्या खर्चाने उतरवायचा. ओली वाळू याहून जड. ‘अर्धाच भरू’ हे बोलायला ठीक. खाणीवर लोडरचा बकेट कुणाच्या सांगण्यावर थांबत नाही. म्हणून हौदाच मापाचा घ्यावा.

क्राऊनच्या रेशोबद्दल कोटेशनमध्ये एकच ओळ असते, आणि डिझेलचा मोठा हिशेब तिच्यातच दडलेला असतो. 10.00 आर 20 टायर एका फेऱ्यात सुमारे 3.2 मीटर जातो. ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला 312 वेळा फिरतं. टॉप गिअर 1:1 धरला, तर 4.11 च्या रेशोवर इंजिन 1,280 आरपीएमला चालतं, निवांत ग्रीन बँडमध्ये, म्हणजे मीटरवरच्या कमी डिझेल लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यात. 5.86 वर तेच 1,830 ला पोचतं. समृद्धीवरून 701 किलोमीटर जाणाऱ्या गाडीला 5.86 दिला तर ती वाटभर डिझेल पीत जाईल. उलट 4.11 ची गाडी खाणीच्या रॅम्पवर भरून चढवली तर ड्रायव्हरला हाफ क्लच धरावा लागतो, आणि क्लच प्लेट लवकर जळते. खाण आणि हायवे दोन्हीकडे गाडी लावायची असेल, तर महिन्याचे जास्त किलोमीटर कुठे होतात ते पाहून रेशो ठरवा.

कोळशाची गाडी परतताना बहुधा रिकामी असते. अशा कामाला वर उचलता येणारा लिफ्ट अॅक्सल घ्यावा. रिकाम्या फेऱ्यात चाकं उचलली की टायर वाचतात. पण भरलेल्या गाडीत तो वरच राहिला, तर सगळा भार मागच्या अॅक्सलवर येतो, पाटे तुटतात, चेसिसला तडा जातो.

खाणीत काम असेल तर डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकसाथ फिरवणारी सोय) मागून घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत एक चाक नुसतं फिरतं, तेव्हा तोच गाडी बाहेर काढतो. डांबरावर आल्याबरोबर तो बंद करायचा, नाहीतर वळणावर डिफरन्शियलवर ताण येऊन आतले गिअर तुटतात. जबलपूर मार्गावरचा कुरई घाट उतरणाऱ्या गाडीला दमदार इंजिन ब्रेक हवा. नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो.

(दृश्य: मे महिना. भर दुपार. काट्यापुढे गाड्यांची रांग.)

1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. नागपूरच्या 45 अंशांत तो हवाच होता. पण एसीसाठी तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं की धूर पुरेसा तापत नाही आणि बीएस 6 च्या गाडीतल्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचते. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा पेटला तरी दुर्लक्ष केलं की इंजिन ताकद कमी करतं. म्हणून गाडी उभी करून फिल्टर साफ करायचं बटण डॅशबोर्डवर आहे का, ते ऑर्डरआधी विचारा. धूर स्वच्छ करायला गाडीत भरतात त्या युरियाच्या द्रावणाचे कॅन उन्हात ठेवू नका, 30 अंशांच्या वर ते लवकर खराब होतं.

डिलिव्हरी घेताना गाडी रिकामी काट्यावर न्या. हौदा आतून तिन्ही बाजूंनी मोजा. अॅक्सलच्या प्लेटवरचा रेशो कोटेशनशी ताडून पाहा. टायरवरचे शेवटचे 4 आकडे वाचा: पहिले 2 आठवड्याचे, पुढचे 2 वर्षाचे. चूक निघाली तर ती गाडीची नोंदणी होऊन नंबर पडायच्या आधीच डीलरकडून लेखी मान्य करून घ्या.