वर्दीवर दावा

नमस्कार श्रोतेहो.

१९८४ चा नोव्हेंबर. अमेरिकेतल्या शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाची साखर एकाएकी उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यायला तो मित्राच्या गाडीतून दुकानात गेला, रांग मोठी दिसली म्हणून घाईनं बाहेर पडला. एवढ्यावरून पोलिसाला संशय आला. गाडी अडवली गेली, आणखी पोलीस आले, हातकड्या पडल्या. त्याला शुगर आहे, हे मित्रानं सांगूनही उपयोग झाला नाही. कुणीतरी रस आणला, तोही पोलिसांनी देऊ दिला नाही. दुकानात काहीच घडलेलं नाही हे कळल्यावर त्याला घरी सोडलं. तोवर पायाचं हाड मोडलं होतं.

ग्रॅहमनं दावा लावला तो १८७१ च्या कायद्याखाली. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची दहशत होती आणि राज्यांची सरकारं त्यांना वाचवत नव्हती, तेव्हा केलेला हा कायदा. सरकारी वकिलानं गुन्हा दाखल करो वा न करो, नागरिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो, ही त्याची खरी ताकद. १९८९ मध्ये ग्रॅहमच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पोलिसाच्या मनात आकस होता हे सिद्ध करायची गरज नाही. त्या प्रसंगी समंजस पोलीस असा वागला असता का, एवढंच पाहायचं.

पण वाट सोपी नाही. अशाच प्रसंगात पूर्वी पोलिसाला दोषी धरल्याचा निकाल दाखवता आला नाही, तर अनेकदा दावा तिथेच संपतो. मला हे अन्यायाचं वाटतं. पहिल्यांदा झालेल्या अत्याचाराला दाद कुठून मिळणार?

आणि पैसे भरतं कोण? पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला २०२१ मध्ये मिनीॲपोलिस शहरानं २ कोटी ७० लाख डॉलर देऊ केले. ते गेले शहराच्या तिजोरीतून. कोलोरॅडो राज्यानं मात्र २०२० मध्ये कायदा केला: पोलिसानं गैरहेतूनं कृत्य केलं असेल, तर २५ हजार डॉलरपर्यंतचा भार त्याच्या स्वतःच्या खिशावर.

आपल्याकडेही असा रस्ता आहे. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा १९८७ मध्ये पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. त्या आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं तीच याचिका मानली आणि १९९३ मध्ये राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

म्हणून घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं, तर अटकेच्या मेमोवर, म्हणजे अटकेच्या लेखी नोंदीवर, साक्षीदाराची सही आहे का पाहा. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच ते बंधनकारक केलंय. उद्या दावा उभा राहतो तो याच कागदांवर.